कार्ल लिनेयस

कार्ल लिनेयस (२३ मे १७०७ – १० जानेवारी १७७८) हे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ व वैद्य होते. फुलातील केसरदलांची (पुंकेसरांची) संख्या व मांडणी यांवरून वनस्पतींचे वर्ग पाडण्याची पद्धती त्यांनी रूढ केली.

दक्षिण स्वीडनमधील रोसहुल्ट येथे त्यांचा जन्म झाला. वडील पाद्री होते आणि त्यांना बागेचा नाद होता. लुंड व उप्साला येथे वैद्यक शिकत असताना, वयाच्या २२व्या वर्षी, लिनेयस यांनी वनस्पतींच्या लैंगिक प्रजोत्पादनावर निबंध लिहिला. पुढे १७३५ मध्ये लायडन येथे त्यांचा ‘सिस्टिमा नॅचुरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्यात वनस्पतींचे २४ वर्ग होते. पहिले १० वर्ग सुट्या केसरदलांच्या संख्येवरून पाडलेले. पुढे लांबी, जोडणी व स्थान पाहिले जाई. तुळशीच्या फुलात चारपैकी दोन केसरदले लांब व दोन आखूड असतात. मोहरीत सहांपैकी चार लांब. जास्वंदीत सर्व केसरतंतू जुळून एक नळी बनते (एकसंघ), वाटाण्यात नऊ जुळलेले व दहावा सुटा असतो (द्विसंघ), तर सूर्यफुलात तंतू सुटे राहून परागकोश जुळतात. फुले न येणारे नेचे, शैवाले इत्यादी शेवटच्या वर्गात टाकले होते. नवशिक्यालाही केसरदले मोजून अनोळखी झाडाचा वर्ग ठरवता येई, यामुळे ही पद्धती झपाट्याने पसरली.

केसरदलांना पती व स्त्रीकेसरांना पत्नी मानणारी लिनेयस यांची भाषा अनेकांना खटकली. योहान सीगसबेक यांनी ती अश्लील ठरवली. खरा दोष मात्र वेगळा होता. साल्व्हिया ही तुळशीच्याच कुळातील. पण तिची केसरदले दोनच असल्याने ती तुळशीपासून दूर, दुसऱ्या वर्गात गेली. आपली पद्धती कृत्रिम आहे हे लिनेयस जाणून होते. नैसर्गिक वर्गीकरणाची अपुरी रूपरेषा त्यांनी १७३८ मध्येच दिली होती. आंत्वान द झ्यूस्यू यांनी १७८९ मध्ये अनेक लक्षणांवर आधारलेली कुले मांडली, त्यानंतर केसरदलांवरील वर्ग हळूहळू मागे पडले. एकसंघ, द्विसंघ यांसारख्या संज्ञा मात्र फुलाच्या वर्णनात आजही वापरल्या जातात.

१७४१ पासून लिनेयस उप्साला विद्यापीठात प्राध्यापक होते. १७५३ च्या ‘स्पीशीज प्लँटॅरम’ या ग्रंथात त्यांनी प्रत्येक जातीला द्विनाम दिले. आंब्याचे ‘मँजिफेरा इंडिका’ हे नाव त्यातलेच. उप्साला येथेच त्यांचे निधन झाले. त्यांचा वनस्पतिसंग्रह १७८४ मध्ये जेम्स एडवर्ड स्मिथ यांनी विकत घेतला व तो लंडनला गेला.