जोसेफ इझेकिएल राजपूरकर

जोसेफ इझेकिएल राजपूरकर (इ.स. १८३४ – इ.स. १९०५) हे मुंबईतील बेने इस्रायल समाजातील शिक्षक, हिब्रू भाषेचे अभ्यासक आणि अनुवादक होते. ज्यू धर्मातील हिब्रू प्रार्थना मराठीत आणण्याचे त्यांचे कार्य महत्त्वाचे मानले जाते.

पार्श्वभूमी

बेने इस्रायल समाज कोकणात तेलाचा घाणा चालवीत असे. शनिवारी घाणा बंद ठेवण्याच्या रिवाजामुळे त्यांना 'शनवार तेली' हे नाव पडले. शब्बाथ, सुंता आणि शेमा ही प्रार्थना त्यांनी जपली होती. हिब्रू भाषा मात्र विस्मरणात गेली होती. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून आलेले ज्यू शिक्षक आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्यामुळे तिचे शिक्षण पुन्हा सुरू झाले. विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले होते. राजपूरकरांचे शिक्षण मुंबईत स्कॉटिश मिशनच्याच शाळेत झाले.

अध्यापन

१८५६ मध्ये ते डेव्हिड ससून यांच्या नावाने चालणाऱ्या ज्यू मुलांच्या शाळेत सहायक शिक्षक झाले. १८६१ मध्ये त्यांच्याकडे मुख्याध्यापकपद आले व ते त्यांनी सुमारे चाळीस वर्षे सांभाळले. १८७१ पासून ते मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होते.

प्रार्थनांचे अनुवाद

राजपूरकरांनी दैनंदिन प्रार्थनांसह अनेक उपासनाग्रंथांचे मराठी अनुवाद केले. त्यांपैकी दैनंदिन प्रार्थनांचे महत्त्व सर्वाधिक म्हणावे लागेल, कारण सणांच्या प्रार्थना वर्षातून एकदाच म्हटल्या जातात, तर या रोज.

ज्यू परंपरेत जाग येताच, हात धुण्यापूर्वीच, प्राण परत मिळाल्याबद्दल ईश्वराचे आभार मानतात. हे छोटे वाक्य लहान मुलांना सर्वांत आधी शिकवले जाते. त्यानंतरच्या आशीर्वचनांचा मूळ क्रम तालमूदमध्ये दिलेला आहे. कोंबडा आरवला की दिवस आणि रात्र यांतील भेद कळल्याबद्दल, डोळे उघडले की दृष्टीबद्दल, उठून बसले की बंधमुक्तीबद्दल, कपडे घातले की वस्त्राबद्दल, जमिनीवर पाय टेकला की पाण्यावर पसरलेल्या भूमीबद्दल स्तुती करावयाची. दिवसभरात अशी शंभर आशीर्वचने म्हणावीत, असाही संकेत आहे. उठताच करदर्शन करून भूमीची क्षमा मागणाऱ्या मराठी घरांना ही कल्पना परकी वाटू नये.

पुढे ही आशीर्वचने त्या त्या कृतीपासून सुटली आणि सिनेगॉगमध्ये एका दमात म्हटली जाऊ लागली. मुंबईतील बेने इस्रायलांपुढे याहून मोठी अडचण होती. घरात मराठी आणि प्रार्थना हिब्रूत असल्याने, मूल जे कौतुकाने पाठ करी त्याचा अर्थ वडीलधाऱ्यांनाही सांगता येत नसे. कोंबडा, वस्त्र, पाऊल या रोजच्या गोष्टींसाठी आपण आभार मानतो, हे मराठी अनुवादामुळे वाचकाला स्वभाषेत कळू शकले. हिब्रू पठण मात्र थांबले नाही. अनुवाद त्याच्या जागी नव्हे, तर सोबतीला होता.

मृत्यू

राजपूरकरांचे १९०५ मध्ये मुंबईत निधन झाले. १९४८ नंतर बेने इस्रायल समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलमध्ये स्थायिक झाली.