‘ती’ की ‘तो’? गोष्ट एर्क्युलीन बार्बँची

मराठीत कुणाचीही गोष्ट सांगायची, तर पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं: ती जन्मली की तो जन्मला? क्रियापद तुम्हाला सुटका देत नाही. आज ज्या माणसाबद्दल तुम्ही वाचणार आहात, त्याच्या बाबतीत इथेच अडायला होतं. फ्रेंच भाषेतही हीच पंचाईत आहे. स्वतः बार्बँने आपल्या आठवणी लिहिताना कधी स्त्रीलिंग वापरलं, कधी पुल्लिंग. त्यामुळे आपण सरळ सरकारी कागद धरू. १८६० पर्यंत ‘ती’, नंतर ‘तो’.

८ नोव्हेंबर १८३८. फ्रान्समधल्या सेंट-जाँ-दांजेली या गावी मुलगी झाली. नाव एर्क्युलीन, घरी हाक मारायची ती आलेक्सिना. वडील लवकर गेले, घरात पैसा नाही. मुलगी हुशार, म्हणून गरीब मुलींसाठीच्या मदतीवर नन्सच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकली. पुढे शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतलं आणि १८५७ मध्ये मुलींच्या शाळेत नोकरीला लागली. सगळं ठीक चाललेलं. फक्त बरोबरीच्या मुलींना पाळी आली, हिला आलीच नाही. ओठांवर आणि गालांवर लव दिसायला लागली, ती कात्रीने कापावी लागे. आणि शाळेतल्याच एका सहकारी शिक्षिकेवर तिचं प्रेम जडलं. आठवणींमध्ये तिचं नाव सारा असं येतं.

मग पोटाखाली दुखायला लागलं. शेवटी तिने ला रोशेलच्या बिशपांपुढे मन मोकळं केलं. त्यांनी तिच्या परवानगीने डॉ. शेने यांच्याकडे तपासणी करवली. डॉक्टरांना छोटं शिश्न दिसलं, वृषण जाणवले आणि योनीसारखा एक आखूड मार्गही सापडला. त्यांनी निष्कर्ष काढला: हा पुरुष आहे. १८६० मध्ये कोर्टाने जन्मनोंद बदलली. नवं नाव आबेल.

विचार करा, एका सहीने काय काय गेलं. मुलींच्या शाळेत पुरुष कसा शिकवणार? नोकरी गेली. सारा दुरावली. पेपरांनी चवीने बातम्या छापल्या. एकविशीत आबेल पॅरिसला गेला. शिवणकाम आणि मुलींना शिकवणं यात वाढलेल्या माणसाला ‘पुरुषाचं काम’ कोण देणार? तो गरिबीत, एकटा राहिला आणि आपल्या आठवणी लिहीत बसला. फेब्रुवारी १८६८ मध्ये त्याने आपलं आयुष्य संपवलं. वय अवघं २९.

गंमत नाही, पण कटू गोष्ट अशी की, जिवंतपणी ज्याच्याकडे कुणी बघितलं नाही, त्याच्या शवविच्छेदनाचा अहवाल पुढच्याच वर्षी छापून आला. आठवणींचा काही भाग तार्द्यू या डॉक्टरांनी १८७० च्या दशकात प्रसिद्ध केला. मग शंभर वर्षं शांतता. १९७८ मध्ये मिशेल फुको या विचारवंताने ती वही पुन्हा लोकांसमोर आणली.

आबेलच्या शरीरात नेमकं काय घडलं होतं? आज कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, जीन तपासायला काही उरलेलं नाही. पण असं का होऊ शकतं, हे आता कळतं. गर्भात सुरुवातीचे साधारण सहा आठवडे सगळ्यांची जडणघडण सारखीच असते. मग वाय क्रोमोसोमवरच्या एका जीनमुळे वृषण तयार होतात आणि ते टेस्टोस्टेरॉन सोडतात. त्यातल्या काहीचं आणखी जोरकस हॉर्मोन बनतं, ते बाहेरची पुरुषी जननेंद्रियं घडवतं. हा निरोप पेशींनी ऐकायला मात्र त्यांच्यात रिसेप्टर हवा. मेसेज आला, पण फोनच सायलेंटवर असला तर?

या रिसेप्टरचा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो. पुरुषाकडे एक्स एकच, म्हणजे स्पेअर कॉपी नाही. जीनमध्ये मोठा बदल असेल, तर एक्स-वाय असलेलं बाळही बाहेरून पूर्ण मुलगी दिसतं. बदल अर्धवट असेल, तर शरीर मधलं कुठलंतरी रूप घेतं. तुमच्या-माझ्या वर्गातल्या साध्यासुध्या मुलांमध्येही या जीनच्या एका भागाची लांबी कमी-जास्त असते आणि रिसेप्टरचं काम त्यानुसार थोडं बदलतं. हॉर्मोन तयार करणाऱ्या एन्झाइममध्ये फरक असला, तरी असंच होऊ शकतं. म्हणजे वाट लांब आहे, वळणं बरीच आहेत, आणि प्रत्येक वळणावर थोडा फरक पडू शकतो.

आबेलला त्याच्या शरीराने मारलं नाही. त्या शरीरासकट तो वीस वर्षं शिकला, शिकवत होता, प्रेम करत होता. त्याचा घास घेतला तो दोनच रकान्यांच्या रजिस्टरने आणि त्या रजिस्टरवर डोळे झाकून विश्वास ठेवणाऱ्या लोकांनी.

८ नोव्हेंबर, म्हणजे त्याचा वाढदिवस, आज जगभर इंटरसेक्स लोकांच्या स्मरणाचा दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी वर्गात कुणाच्या आवाजावरून, मिशीवरून, चालण्यावरून जोक मारायचा मोह झाला, तर जरा थांबा. ‘ती’ की ‘तो’ हे ज्याचं त्याला सांगू द्या. नाही सांगितलं, तरी बिघडत नाही. नावाने हाक मारा, तेवढं पुरतं.