विधवेच्या नावाची बाटली

मडगावला मैत्रिणीच्या भावाच्या लग्नात टोस्टसाठी पिवळ्या लेबलाची एक शॅम्पेन उघडली होती. कुणीतरी दुबईहून आणलेली. लेबलावर लिहिलेलं व्हव क्लिको हे मला नुसतं कंपनीचं नाव वाटलं. पुढे फ्रेंचच्या सरांनी सांगितलं, व्हव म्हणजे विधवा. मी चाटच पडले. आपल्याकडे शुभकार्यात जिला मागे उभं करतात, तिच्याच नावाने इथे नवरा-नवरीला शुभेच्छा!

ही बाई म्हणजे बार्ब-निकोल. जन्म १७७७ चा, फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातल्या रँस शहरात. वडील कापडाचे कारखानदार. १७९८ मध्ये फ्रांस्वा क्लिकोशी लग्न झालं आणि १८०५ मध्ये तो तापाने गेला. वय २७, पदरी लहान मुलगी. त्या काळी तिथे लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय धंदा करता येत नसे. विधवेला येत असे. तिने सासऱ्यांना भांडवल घालायला राजी केलं, चार वर्षं एका जाणत्या व्यापाऱ्याबरोबर भागीदारी केली आणि १८१० पासून स्वतःच्या नावावर कारभार सुरू केला. पुन्हा लग्न केलंच नाही. (आमच्या म्हापशाच्या दुकानाचा हिशोब आजोबांमागे आजीनेच सांभाळला, पाटीवर नाव मात्र अजून आजोबांचंच. म्हणून हे लेबल मला जरा जास्तच लागलं.)

नेपोलियनच्या युद्धांनी व्यापार बसला होता. बंदी उठायची वाट न बघता १८१४ मध्ये तिने १०,५५० बाटल्या गुपचूप जहाजाने क्योनिग्सबर्गला धाडल्या, रशियन गिऱ्हाइकांसाठी. उन्हाने फुटल्या असत्या तर दिवाळंच. पण त्या शाबूत पोचल्या आणि चढ्या भावाने हातोहात खपल्या.

मला मात्र भावलं ते तिचं टेबल. शॅम्पेनचे बुडबुडे बाहेरून भरलेले नसतात. तयार वाइनमध्ये साखर आणि यीस्ट घालून ती बाटलीतच पुन्हा आंबवतात. वायू आत कोंडतो, पण मेलेल्या यीस्टचा गाळही आतच राहतो. गाळ काढायला पूर्वी वाइन दुसऱ्या बाटलीत ओतत, त्यात फेसाचा जोरच जाई. तिने टेबलाला भोकं पाडून घेतली, त्यात बाटल्या तोंड खाली करून खोचल्या आणि रोज थोड्या थोड्या फिरवायला लावल्या. काही आठवड्यांत गाळ बुचाशी येऊन बसे. बूच काढलं की दाबाने आधी गाळच बाहेर! तळघराचा प्रमुख म्युलर याने ही रीत आणखी सुधारली, आणि इतरांना कित्येक वर्षं तिचा पत्ता लागला नाही.

म्हणून शॅम्पेन आधी डोळ्यांनी बघायची. काचेसारखी स्वच्छ, तळापासून वर चढणारी बारीक बुडबुड्यांची माळ. आठ-दहा अंश गार, उभट ग्लासात. बूच घट्ट धरून बाटली हळूच फिरवायची, आवाज सुस्काऱ्याएवढाच यावा. त्या लग्नात बूच छताला लागलं आणि अर्धी बाटली नवऱ्याच्या कोटावर. तिच्या काळची शॅम्पेन मात्र आजच्यापेक्षा कितीतरी गोड असे. रशियनांना तशीच लागे.

१८६६ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी ती वारली. हे सगळं मी आजीला सांगितलं. दारूबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. वाटेत फुटलेल्या बाटल्या ती बाई कुठल्या खात्यात मांडायची, एवढंच तिने विचारलं.