अब्दुल करीम खाँसाहेबांचा सूर ऐकायला महागडा डॅक लागतो का?

पिंपळगाव राजात बसून लॅपटॉपवर किराणा घराण्याची जुनी रेकॉर्ड लावणाऱ्यालाही हल्ली जाहिरात गाठते: हाय-रेझोल्युशन डॅक घ्या, नाहीतर बारीक सूर हरवतील! गंमत म्हणजे ज्यांचं गाणं ऐकायचंय, त्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचं आयुष्यच सुरांमधला बारीक फरक जपण्यात गेलं.

जन्म १८७२ चा, आजच्या उत्तर प्रदेशातल्या कैरानाचा. बडोदा दरबारात गात असताना सरदार माने यांच्या कन्या ताराबाईंशी सूर जुळले आणि दोघांनी बडोदा सोडलं. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे ही त्यांचीच मुलं. १९२२ मध्ये ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. घर मोडलं, पण घराणं मात्र त्याच मुलांनी पुढे नेलं. शिष्यांत सवाई गंधर्व, म्हणजे भीमसेन जोशींचे गुरू.

त्यांच्या आयुष्यातलं एक प्रकरण फारसं सांगितलं जात नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स श्रुतींचा शोध घेत होते. सप्तकात बारा पट्ट्यांची हार्मोनियम, श्रुती मात्र बावीस! त्या नेमक्या कुठे लागतात, हे पडताळायला खाँसाहेबांनी या दोघांना साथ दिली.

आता डॅककडे वळू. डॅक म्हणजे संगणकातले आकडे पुन्हा विजेच्या लहरीत बदलणारं यंत्र. आकड्यांच्या मधले सूर गळतात, हा समज चुकीचा आहे. सीडीच्या दर्जात सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात आणि त्यातून सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतची लहर अखंड उभी राहते. श्रुतीही त्यात शाबूत असते.

खाँसाहेबांच्या तबकड्या ७८ आरपीएमच्या. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं, वर लाखेची खरखर. इतके उंच आवाज त्यांत उतरलेलेच नाहीत. मग १९२ किलोहर्ट्झचा डॅक आणणार कुठून?

तरी डॅक निरुपयोगी नाही. लॅपटॉपच्या जॅकमधून गुणगुण येत असेल, तर यूएसबीने जोडायचा साधा, कमी गोंगाटाचा डॅक खरंच फरक पाडतो. हेडफोन वापरत असाल, तर तो त्याला पुरेसा जोर देतो का तेवढं बघा. उरलेले पैसे चांगल्या हेडफोनवर घाला आणि तबकडीवरून नीट उतरवलेली फाईल शोधा. ‘जमुना के तीर’च्याच दोन प्रती लावून बघा, फरक लगेच कळतो.

१९३७ मध्ये ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याला पॅरिसमध्ये आवाज आकड्यांत मांडायची युक्ती सुचली. आजचा डॅक तिच्यावरच चालतो. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला पाँडिचेरीकडे जाताना गाडीत खाँसाहेबांची प्रकृती बिघडली. ते सिंगपेरुमल कोईल स्टेशनवर उतरले आणि तिथेच गेले. त्यांना मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केलं. दर्ग्याच्या उरुसात आजही त्यांच्या स्मरणार्थ गायक हजेरी लावतात.