श्रीगोंद्याचे शेख महंमद बाबा



सोलापूर जिल्ह्यात राहणाऱ्याला पंढरपूरची वाट कोणी दाखवावी लागत नाही. त्या वाटेवरच्या संतांची नावे तुम्ही शाळेच्या पुस्तकांतून वाचली आहेत. त्यांच्याच मालिकेतील एक नाव मात्र आपल्या घरांत क्वचितच घेतले जाते, आणि ते नाव आहे शेख महंमद. पंढरपूरला वळसा घालणारी भीमा वरच्या अंगाला श्रीगोंदे तालुक्याच्या सीमेवरून वाहत येते. पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील याच श्रीगोंद्यास शेख महंमद बाबांनी वास्तव्य केले, तेथेच ग्रंथ लिहिले आणि तेथेच ते चिरविश्रांती घेत आहेत.

त्यांचा जन्म सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. तो काळ डोळ्यांसमोर आणा. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. पुढे मलिक अंबरने १६२६ पर्यंत निजामशाही तगवून धरली. १६३६ साली ती संपली. आपला सोलापूरचा किल्लाही निजामशाही आणि आदिलशाहीच्या ओढाताणीत सापडलेला होता. त्यातच १६३० ते १६३२ चा भीषण दुष्काळ पडला. पोटाला अन्न नाही आणि दारातून फौजा जात आहेत, अशा दिवसांत माणसाने स्वतःच्या मनाचा विचार करायचा तो केव्हा? शेख महंमद बाबांनी मात्र याच दिवसांत तो केला.

त्यांच्या वडिलांचे नाव राजे महंमद. गुरू होते चांद बोधले, कादरी परंपरेतील सूफी. त्यांचे समाधिस्थान दौलताबादेस आहे. याच चांद बोधल्यांकडून दौलताबादचे किल्लेदार जनार्दनस्वामी यांना बोध झाला आणि जनार्दनस्वामींकडून पैठणच्या एकनाथांना, असे शेख महंमद यांनी आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. म्हणजे एकनाथ महाराज आणि शेख महंमद हे एकाच झऱ्याचे पाणी प्यालेले. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी बाबांना गुरू मानले आणि श्रीगोंद्यात त्यांचा मठ उभारून दिला, असे परंपरा सांगते.

बाबांच्या बालपणाची एक आख्यायिका संतचरित्रांत आली आहे. बकरा कापण्याचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा सुरीने किती वेदना होते ते पाहावे म्हणून त्यांनी आधी स्वतःच्याच बोटावर सुरी चालवली, आणि मग ते काम त्यांच्या हातून झाले नाही. आख्यायिकेला इतिहासाचा पुरावा मानू नये, हे खरे. पण लोकांनी या माणसाची आठवण कशी जपली, ते तिच्यावरून समजते. दुसऱ्यावर चालवायची सुरी जो आधी स्वतःवर चालवून पाहतो, असा हा लेखक होता.

त्यांचा मुख्य ग्रंथ 'योगसंग्राम' १६४५ साली पूर्ण झाला. त्याचे १८ प्रसंग आहेत. नावातच लढाई आहे. परंतु ही लढाई कोणत्याही बादशहाची नव्हे. माणसाचा आत्मा आणि त्याच्याच अंगातील काम, क्रोध, लोभ, अहंकार यांच्यात ती चालली आहे. त्या काळी घरोघरी कोणी ना कोणी लढाईवर गेलेला असे. त्या लोकांना युद्धाची भाषा लगेच समजली असेल. आपल्या वाचकांनाही हा विषय परका वाटू नये. नफ्सशी झुंज हा सूफींच्या शिकवणुकीचा गाभाच आहे. ११११ साली निधन पावलेल्या इमाम गझालींनी आपल्या 'इह्या उलूमुद्दीन' या महाग्रंथात मुहासबा, म्हणजे स्वतःचा स्वतःशी घेतलेला हिशेब, या विषयाला स्वतंत्र भाग दिला आहे. तोच विचार शेख महंमद यांनी मराठी ओवीत आणला. शेतकऱ्याला, विणकराला, घरातल्या आजीला जी भाषा कळते, तिच्यात त्यांनी तत्त्वज्ञान सांगितले.

आतला हिशेब झाल्यावर ते बाहेर पाहू लागले. 'निष्कलंकप्रबोध' या रचनेत त्यांनी समाजातील ढोंगावर कोरडे ओढले आहेत. पैशासाठी शिष्य गोळा करणारे गुरू, नवसापोटी बळी देणारे भोळे लोक, वेष मोठा आणि आचरण खोटे असणारे साधू, कोणालाही त्यांनी सोडले नाही. आपण जन्माने मुसलमान आहोत, हेही त्यांनी कधी लपवले नाही. समाजावर टीका करणारे पुष्कळ असतात, पण ज्याने आधी स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले त्याचीच टीका लोक मनावर घेतात.

पुढील पिढ्यांनी ती घेतली. महिपतींनी १७६२ च्या 'भक्तविजय' ग्रंथात त्यांचे चरित्र गायिले. न्यायमूर्ती रानडे यांनी मराठी सत्तेच्या उदयाविषयी इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तेव्हा बाबांचे अनुयायी रमजानचे रोजे आणि एकादशी दोन्ही पाळतात, मक्केला जातात आणि पंढरपूरलाही, असे नोंदवले. वा. सी. बेंद्रे यांनी त्यांच्या कविता संपादित केल्या आणि रा. चिं. ढेरे यांच्या १९६७ च्या 'मुसलमान मराठी संतकवी' या पुस्तकाने ही सारी परंपरा अभ्यासकांपुढे आली. १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ते आपल्या सोलापुरातच. त्या संमेलनाची मुळे शोधीत मागे गेलात, तर वाटेत तुम्हाला श्रीगोंदे लागेल.

पालकहो, बाबांचे प्रत्येक मत आपणास पटेलच असे नाही. काही मते धर्मशास्त्राच्या जाणकारांना खटकतील, आणि त्यांना तसे म्हणण्याचा अधिकारही आहे. परंतु मतभेद होण्यासाठीसुद्धा आधी वाचावे लागते. आपला मुलगा डॉक्टर व्हावा, मुलगी इंजिनिअर व्हावी, ही आपली इच्छा रास्तच आहे. मात्र कथा-कविता आणि तत्त्वज्ञान वाचणे म्हणजे वेळ दवडणे, असे मुलांना सांगू नका. यंत्र कसे चालते ते विज्ञान शिकवील. माझे मन असे का चालते आणि माझी वस्ती अशी का वागते, हे प्रश्न विचारण्याचे बळ साहित्यातून येते. मुलाने घरात असा प्रश्न विचारला, तर त्याला उद्धट समजू नका.

आणि विद्यार्थी मित्रांनो, मराठी तुमची भाषा नाही असे कोणी म्हणाले, तर भांडत बसू नका. शेख महंमद यांचा ग्रंथ त्याच्यापुढे ठेवा. पौणेचारशे वर्षांपूर्वी ज्या भाषेत आपल्या एका पूर्वजाने स्वतःची झडती घेतली, ती भाषा आपली आहे, याला दुसरा दाखला लागत नाही. मात्र तो ग्रंथ पुढे ठेवण्याआधी एकदा स्वतः उघडा, आणि त्यातील लढाईत आपण कोणत्या बाजूला उभे आहोत ते पाहा.