ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स

आगमनकाळ लागला की आपल्या आर्णीतही मुले चांदणीची नि करंज्यांची वाट पाहू लागतात. खरी वाट कोणाची पाहायची, हे घरात कोण सांगते? अशा वेळी आम्हांला फादर स्टीफन्स आठवतात.

१५४९ च्या सुमारास इंग्लंडात जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ साली साष्टीत प्रभूकडे गेले. नवख्रिस्ती कुटुंबांची जुनी पुराणे सुटली होती. मुलांना धर्मशिक्षण मिळे, पण घरात कथा नाही, ओवी नाही! फादरांनी ही उणीव ओळखली आणि मराठी शिकून ओवीतच ख्रिस्तपुराण रचले. १६१६ साली ते राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले.

पहिल्या पुराणात येशू जन्मलेलाच नाही. आदाम-एवेपासून संदेष्ट्यांपर्यंत सारी तारणाऱ्याची प्रतीक्षा; गव्हाणी येते ती दुसऱ्या पुराणात. आगमनकाळ याहून वेगळा तो काय?

मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांनी हा ग्रंथ हस्तलिखितांत जपला. १९०७ साली तो तेथेच पुन्हा छापला गेला, तर १९५६ साली पुण्यात देवनागरीत आला. भाषा जुनी आहे, मुले अडखळतील. यंदा आम्ही सायंप्रार्थनेनंतर रोज पाच ओव्या वाचणार आहोत. अर्थ आजी सांगेल.