तळघरातून मुलांच्या खाटेपाशी

लहान मुलाला कॅन्सर झाला आहे, हे ऐकल्यावर आजही आईवडिलांच्या पायांखालची जमीन सरकते. पण आज डॉक्टरांपाशी त्यापुढे सांगण्यासारखे बरेच काही असते. १९४७ पूर्वी ते नव्हते. रक्ताचा कॅन्सर झालेले मूल काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जात असे. हे चित्र पालटायला सुरुवात केली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी. गंमत अशी, की हा माणूस रुग्ण तपासणारा डॉक्टर नव्हताच. तो होता शवविच्छेदन करणारा पॅथॉलॉजिस्ट.

फार्बर यांचा जन्म १९०३ साली अमेरिकेतील बफेलो शहरात, पोलंडहून आलेल्या ज्यू कुटुंबात झाला. चौदा भावंडांतले ते तिसरे. ज्यू विद्यार्थ्यांना तेव्हा अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांत सहजासहजी प्रवेश मिळत नसे. म्हणून त्यांनी पहिले वर्ष जर्मनीत काढले, मग हार्वर्डमध्ये शिरकाव करून घेतला आणि १९२७ मध्ये पदवी मिळवली. दोन वर्षांनी ते बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात पूर्णवेळ पॅथॉलॉजिस्ट झाले. जवळपास वीस वर्षे तळघरातल्या प्रयोगशाळेत बसून त्यांनी मुलांच्या मृत्यूची कारणे लिहिली. वरच्या मजल्यावर मुले जगावीत यासाठी काहीच करता येत नाही, हे त्यांना सलत राहिले असावे.

प्रारंभी त्यांनी रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना फॉलिक अ‍ॅसिड देऊन पाहिले. रोग हटण्याऐवजी अधिकच बळावला. फार्बर यांनी त्या अपयशातूनच वाट काढली. ज्यावर रोग पोसतो, तेच त्याला मिळू दिले नाही तर? फॉलिक अ‍ॅसिडसारखे दिसणारे, पण पेशींना चकवणारे औषध लेडर्ले कंपनीतील डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तयार केले होते. आंध्रातील भीमवरमचे हे सुपुत्र. १९४७ च्या डिसेंबरअखेर दोन वर्षांच्या एका मुलाला ते टोचले गेले आणि अंथरुणाला खिळलेले ते मूल पुन्हा चालू-खेळू लागले. १९४८ च्या जूनमध्ये फार्बर यांनी सोळा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी दहा जणांना उतार पडला होता.

हा उतार मात्र टिकला नाही. रोग परतला, मुले गेली. मरणाऱ्या लेकरांना सुया टोचून का छळायचे, शांतपणे जाऊ द्यावे, असे रुग्णालयातल्याच अनेकांचे मत होते. त्यांचे म्हणणे निर्दयपणाचे नव्हते. पण आईबापांना मिळालेले ते चार महिने फार्बर यांना मोलाचे वाटत होते आणि पुढच्या मुलाला त्याहून अधिक मिळतील, यावर त्यांचा विश्वास होता.

मुलाला नुसते औषध पुरत नाही, हेही त्यांनी ओळखले. आजारी पडते ते सगळे घर. आई खाटेशी बसते, वडील पैशांची जुळवाजुळव करतात, घरी राहिलेले भावंड एकटे पडते. म्हणून डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ, समाजसेविका आणि धीर देणारा सल्लागार या सर्वांनी एकाच छपराखाली, एकविचाराने त्या कुटुंबाला सांभाळायचे, अशी पद्धत त्यांनी घालून दिली.

त्यासाठी पैसा हवा होता. मे १९४८ मध्ये त्यांच्या एका बारा वर्षांच्या रुग्णाच्या खाटेभोवती बोस्टन ब्रेव्हज या बेसबॉल संघाचे खेळाडू जमले आणि तो संवाद रेडिओवरून देशभर ऐकवला गेला. मुलाची ओळख झाकण्यासाठी त्याला ‘जिमी’ म्हटले होते. सामने पाहायला त्याला टेलिव्हिजन हवा होता. लोकांनी त्या वर्षी २ लाख ३१ हजारांहून अधिक डॉलर पाठवले! त्या निधीतून १९५२ मध्ये इमारत उभी राहिली. जिमी वाचला असेल, असे पुढे फारसे कुणाला वाटत नव्हते. १९९८ मध्ये तो स्वतःच पुढे आला. तोवर तो आजोबा झाला होता. कॅन्सर संशोधनाला सरकारी पैसा मिळावा म्हणून झगडलेले फार्बर ते पाहायला नव्हते. १९७३ च्या मार्चमध्ये त्यांचे निधन झाले होते.

आज प्रगत केंद्रांत रक्ताच्या एका प्रमुख कॅन्सरची शंभरांतील नव्वदच्या आसपास मुले बरी होतात. आपल्याकडे हे प्रमाण कमी आहे आणि त्याचे एक कारण औषधात नाही. उपचार दोन-तीन वर्षे चालतात. गाव दूर, मजुरी बुडते, मुंबईत राहायला जागा नाही. मग मूल जरा हसू-खेळू लागले, की कुटुंब उपचार अर्धवट टाकून परत जाते. बँकेतल्या नोकरीत मुदतीआधीच ठेव मोडायला आलेले असे बाप मी पाहिले आहेत. परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्यांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आसरा देत आली आहे, तो दानधर्म खराच, पण फार्बर यांच्या हिशेबाने तो उपचारही आहे. शेजारच्या घरात असे मूल असेल, तर डबा पोचवणे, धाकट्या भावंडाला संध्याकाळी आपल्याकडे बसवणे, पुढच्या तारखेला सोबत जाणे, एवढे आपल्यालाही करता येईल.